पोरगा मेकॅनिक होतो म्हणतोय? कर्ज काढायच्या आधी हा हिशोब मांडा



दहावीचा निकाल लागला की आपल्या गटांच्या बैठकीतली कर्जाची मागणी बदलते. त्याआधी बियाणं असतं, शेळी असते, शिलाई मशीन असतं, घरावरचे पत्रे असतात. निकालानंतर मात्र एकच वाक्य ऐकू येतं, "पोराच्या ॲडमिशनला पाहिजेत."

यंदा असोद्यातल्या एका गटाच्या बैठकीत असंच झालं. एका ताईंनी ६०,००० रुपये मागितले. मुलाला दहावीला ६२ टक्के पडलेत. त्याला गाड्यांचं भारी वेड. घरची मोटरसायकल उघडून बसतो आणि परत जोडूनही देतो. शहरातल्या एका खाजगी संस्थेचं पत्रक ताईंनी आणलं होतं. 'ऑटोमोबाईल डिप्लोमा, मुदत एक वर्ष, १०० टक्के नोकरी' असं त्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं. गटाच्या खात्यात सगळे मिळून लाखभर रुपये होते. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे एकाच घरात जाणार होते, आणि पेरणी तोंडावर होती.

खरं सांगते, मी तो अर्ज वाचला आणि 'शिक्षणासाठी आहे, चांगलंच आहे' म्हणून पुढे सरकवला. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एक आजी बोलल्या, "मले इतकंच सांग माय, पैसा बुडीन का?"

मला उत्तर देता आलं नाही. समाजकार्याची पदवी घेतली मी, पण हा साधा प्रश्न पत्रक वाचताना माझ्या डोक्यात आला नव्हता. आम्ही तो अर्ज पुढच्या बैठकीपर्यंत थांबवला. मधल्या दिवसांत मी चौकशी केली, गॅरेजवाल्यांशी बोलले, आयटीआयची माहिती काढली, वहीत आकडे मांडले. तेच तुमच्यासमोर ठेवते. तुमच्या घरात मुलगा किंवा मुलगी गाडीचं काम शिकायचं म्हणत असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. वाचता येत नसेल तर बैठकीत सीआरपी ताईंकडून वाचून घ्या.

आधी रस्ते ओळखा

गाडीचं काम शिकायचे मुख्य रस्ते चार आहेत. पत्रकावर सगळ्यांना 'डिप्लोमा' लिहिलेलं असू शकतं, पण चारही वेगळे आहेत.

पहिला रस्ता आयटीआयचा. तिथे 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे आणि त्याला दहावी पास लागते. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक, वायरिंग, इंजेक्शन, सगळं हाताने करून शिकवतात. 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा ट्रेड आहे, ट्रॅक्टर आणि ट्रककडे ओढा असणाऱ्यांसाठी तो बरा. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि पास झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. ते देशभर चालतं.

दुसरा रस्ता पॉलिटेक्निकचा. ऑटोमोबाईल किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदविका दहावीनंतर तीन वर्षांची असते. खरा 'डिप्लोमा' म्हणतात तो हा. त्याची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं. यात गणित आणि ड्रॉइंग जास्त, हात काळे करणं त्या मानाने कमी.

तिसरा रस्ता थेट गॅरेजचा. आधी पाना-पकड देणारा हेल्पर, मग दोन-चार वर्षांत मिस्त्री. आपल्या भागातले कितीतरी चांगले मिस्त्री असेच तयार झालेत, त्यांना कमी लेखू नका. फक्त त्यांच्याकडे कागद नसतो. आणि एक लक्षात ठेवा, १४ वर्षांखालच्या मुलाला गॅरेजवर ठेवणं कायद्याने गुन्हा आहे.

चौथा रस्ता छोट्या प्रशिक्षणाचा. बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत दुचाकी दुरुस्तीचा महिनाभराचा कोर्स असतो. शिकवणं, राहणं, जेवण सगळं मोफत, पण वय १८ पूर्ण लागतं. ज्याला गावातच छोटं दुकान टाकायचंय त्याच्यासाठी हा कोर्स चांगला आहे.

पहिल्या दोन रस्त्यांमध्ये एक पूलही आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केला की पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. म्हणजे आयटीआय केला म्हणून पुढचं दार बंद होत नाही. हे बऱ्याच घरांना माहीत नसतं, आणि 'आयटीआय म्हणजे नापासांचं' म्हणून मुलाला महागड्या जागी घातलं जातं.

कागद खरा आहे का?

पैशांच्याही आधी हा प्रश्न विचारा. संस्थेच्या माणसाला सरळ म्हणा, "भाऊ, तुमचं प्रमाणपत्र कोण देतं?"

आयटीआय असेल तर त्या संस्थेला आणि त्या ट्रेडलाही केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची मान्यता हवी. कधी संस्था खरी असते, पण तुम्ही घेताय तो ट्रेड मान्यतेचा नसतो. पदविका असेल तर एआयसीटीईची मान्यता आणि तंत्रशिक्षण मंडळाची संलग्नता, दोन्ही हवीत. अशा कॉलेजला प्रवेश प्रक्रियेत कोड असतो. तो कोड मागा. खरं कॉलेज तो लगेच सांगतं.

दुसरी खूण प्रवेशाची. शासकीय आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतात. अर्ज, गुणवत्ता यादी, मग फेऱ्या. कोणी म्हणालं, "यादीची वाट कशाला बघता, आज पाच हजार भरा, सीट पक्की," तर पर्स बंद करा.

तिसरी खूण म्हणजे '१०० टक्के नोकरी'. कोणती कंपनी, किती पगार, मागच्या वर्षीचे कोणते दोन विद्यार्थी लागले, त्यांचा नंबर द्या, असं विचारा. ताईंच्या पत्रकावरच्या नंबरला आम्ही फोन केला. मान्यता क्रमांक विचारला तर "ऑफिसला या, सगळं दाखवतो" एवढंच उत्तर आलं.

खर्च: दिसणारा आणि न दिसणारा

आता वही काढा. पुढचे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. फी दरवर्षी आणि प्रवर्गाप्रमाणे बदलते, म्हणून माझे आकडे खोडून तुमच्या घरचे टाका. हिशोबाची रीत मात्र हीच ठेवा.

असोद्याचा मुलगा जळगावच्या शासकीय आयटीआयमध्ये दोन वर्षं जातो असं धरू. गाव शहराला लागून, रेल्वे गेट ओलांडलं की जळगाव. त्यामुळे खोलीभाडं नाही, हा आपला मोठा फायदा.

– फी, अनामत, परीक्षा मिळून: ६,००० रुपये
– गणवेश, बूट, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान: ५,००० रुपये
– जाणं-येणं, महिना ५०० प्रमाणे २४ महिने: १२,००० रुपये
– चहा-नाश्ता, मोबाईल रिचार्ज, महिना ५०० प्रमाणे: १२,००० रुपये
– एकूण: ३५,००० रुपये

हा झाला दिसणारा खर्च. आता न दिसणारा धरा. मुलगा आयटीआयला गेला नसता तर काय केलं असतं? गॅरेजवर हेल्पर राहिला असता, नाहीतर मजुरीला गेला असता. पहिल्या दोन वर्षांत सरासरी महिना ४,००० घरी आणले असते असं धरलं, तर २४ महिन्यांचे ९६,००० होतात. शिकायला गेल्यामुळे ते येणार नाहीत. खिशातून गेले नाहीत, पण घरात आलेही नाहीत.

३५,००० आणि ९६,००० मिळून १,३१,००० रुपये. हा आयटीआयचा खरा खर्च. 'सरकारी आहे, फुकट आहे' असं आपण म्हणतो, पण मोठा खर्च फीमध्ये नसून वेळेत असतो. म्हणूनच प्रवेश घेऊन मुलगा वर्गात न जाता हिंडत राहिला तर नुकसान सहा हजारांचं नाही, लाखाच्या पुढचं आहे. हे त्यालाही समजावून सांगा.

आता खाजगी कॉलेजातली तीन वर्षांची पदविका बघू.

– फी वर्षाला ५०,००० प्रमाणे: १,५०,००० रुपये
– जाणं-येणं किंवा राहणं, महिना २,००० प्रमाणे ३६ महिने: ७२,००० रुपये
– पुस्तकं, ड्रॉइंग, परीक्षा: १५,००० रुपये
– एकूण: २,३७,००० रुपये

बुडालेली मजुरी पहिल्या दोन वर्षांची ९६,०००. तिसऱ्या वर्षी तो हेल्परचा अर्धा मिस्त्री झाला असता आणि महिना ७,००० कमावले असते, त्याचे ८४,०००. मिळून १,८०,०००. म्हणजे पदविकेचा खरा खर्च ४,१७,००० रुपये.

घाबरू नका, हा खर्च कमी करता येतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्ती आणि शुल्क सवलतीच्या योजना आहेत, त्यांची अट उत्पन्न आणि प्रवर्ग बघून असते. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना मोठी सवलत आहे, तिकिटाच्या तिसऱ्या हिश्शात काम होतं. मुली आणि महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. या सगळ्यासाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास ही कागदं निकालाआधीच काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रावर रांगा लागतात, आणि एका दाखल्यासाठी वर्षाची शिष्यवृत्ती हुकते.

मिळकत: पगार मोजू नका, घरी काय येतं ते मोजा

आयटीआय झाल्यावर बहुतेक मुलं आधी अप्रेंटिस होतात, म्हणजे शिकाऊ उमेदवार. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली हे चालतं. एसटीच्या विभागीय कार्यशाळांमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेडच्या मुलांना साधारण वर्षभर घेतात. मोठ्या कंपन्या आणि शोरूमही घेतात. २०१९ च्या नियमाने आयटीआय झालेल्यांना महिन्याला किमान ७,००० आणि पदविकावाल्यांना ८,००० विद्यावेतन ठरलं. तुमच्या मुलाला त्याहून कमी सांगत असतील तर आयटीआयच्या निदेशकांना विचारा.

अप्रेंटिस म्हणजे नोकरी नाही, हेही मनात पक्कं ठेवा. वर्ष संपलं की तीच जागा कायम मिळते असं नाही. पण त्या वर्षाचा अनुभव कागदावर येतो आणि पुढे तोच विचारतात.

नोकरीचं बोलू. समजा जळगावातल्या एका सर्व्हिस सेंटरला १२,००० मिळतात. मुलगा घरून जातो, डबा घरचा, पेट्रोलला १,५०० जातात. उरले १०,५००.

आता समजा पुण्याकडे चाकणला किंवा संभाजीनगरला वाळूजला कंपनीत १८,००० मिळतात. गावात सगळे म्हणतील, "पोरगा कंपनीत लागला, अठरा हजार!" खोलीचा वाटा २,५००, खानावळ ३,५००, बस-रिक्षा, मोबाईल, गावी येणं-जाणं १,५००. एकूण ७,५०० गेले. उरले १०,५००.

बघा, दोन्हीकडे उरले सारखेच. मी स्वतः हे वहीवर मांडलं तेव्हा दोनदा बेरीज केली.

याचा अर्थ शहरात जाऊच नये असा नाही. तिथे मोठी मशिनं, नवं तंत्र, ओळखी मिळतात, पगार पुढे वाढू शकतो. पण पहिल्या वर्षापासून घरी जास्त पैसे येतील या भरवशावर कर्जाचे हप्ते बांधू नका. आणि पगार विचारताना 'हातात किती' हे विचारा. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के कापले जातात. ते आपलेच असतात, पुढे मिळतात, पण हप्ता भरायला या महिन्यात हातात नसतात.

पैसे किती महिन्यांत फिटतील?

आता आजींच्या प्रश्नाचं उत्तर. रीत सोपी आहे. खरा खर्च घ्या. शिकल्यामुळे महिन्याला घरी किती जास्त येतं ते काढा. खर्चाला त्या जास्तीच्या रकमेने भागा. जितके महिने येतील तितक्यात पैसे फिटले.

न शिकता गॅरेजवर राहिलेला मुलगा तिसऱ्या वर्षी ७,००० घरी आणतो असं आपण धरलंय. आयटीआय झालेला अप्रेंटिसच्या वर्षात ७,०००च आणतो, म्हणजे त्या वर्षी बरोबरी. त्यानंतर तो १०,५०० आणतो. जास्तीचे झाले ३,५००. आता १,३१,००० ला ३,५०० ने भागा. साधारण ३७ महिने, तीन वर्षांहून थोडं जास्त. सोळाव्या वर्षी प्रवेश घेतलेला मुलगा दोन वर्षं शिकला, एक वर्ष अप्रेंटिस झाला, तीन वर्षं कमावला, की बाविशीत सगळा खर्च फिटतो. त्यापुढचं सगळं कमाईचं.

पदविकावाल्याला शहरात २०,००० मिळाले, राहण्या-खाण्याचे ७,५०० गेले, उरले १२,५००. जास्तीचे ५,५००. आता ४,१७,००० ला ५,५०० ने भागलं तर ७६ महिने, म्हणजे सहा वर्षं चार महिने. शिष्यवृत्तीने फी निम्मी झाली तर खर्च ३,४२,००० वर येतो आणि ६२ महिने लागतात.

मग पदविका वाईट का? नाही. तिची शिडी लांब आहे. सुपरवायझर, सर्व्हिस ॲडव्हायझर, विमा कंपनीचं गाडी तपासणीचं काम, या जागांना पदविका उपयोगी पडते. आरटीओमधल्या सहायक मोटार वाहन निरीक्षकाच्या पदासाठी तर ऑटोमोबाईल किंवा मेकॅनिकलची पदविका लागतेच, आणि त्याची परीक्षा एमपीएससी घेते. ज्याला गणित जमतं आणि ज्याचं घर सहा वर्षं दम धरू शकतं, त्याने तिकडे जावं. ज्याच्या घरी तीन वर्षांत हातभार हवाय, त्याने आयटीआय करावा, आणि पुढे जमलं तर पुलावरून पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला जावं.

आणि ते पत्रकावरचं एक वर्षाचं ६०,००० चं शिक्षण? त्याच्या कागदाला मान्यता नसेल तर गॅरेजवाला मुलाला हेल्परचाच पगार देणार. म्हणजे जास्तीचे शून्य. ६०,००० कधीच फिटत नाहीत.

गाड्या बदलतायत, मग शिकून उपयोग काय?

हा प्रश्न एका काकूंनी विचारला, आणि बरोबर विचारला. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ च्या गाड्या विकल्या जातात. बहुतेक नव्या मोटरसायकलमध्ये जुना कार्बोरेटर राहिला नाही, त्याजागी सेन्सर आणि फ्युएल इंजेक्शन आलं. आधी मिस्त्री कानाने इंजिन ऐकून दोष सांगायचा, आता स्कॅनर लावून बघावं लागतं. त्यात विजेवरच्या गाड्या वाढतायत. त्यांना इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, पण बॅटरी, मोटर आणि वायरिंग आहे.

म्हणजे काम संपत नाही, कामाची जात बदलते. नुसतं बघून शिकलेल्याला नवी गाडी जड जाते, आणि इथेच शिकलेल्याचा भाव वाढतो. आयटीआयमध्ये विजेवरच्या गाड्यांचा 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' असा वेगळा ट्रेडही आलाय. प्रवेशाच्या वेळी आपल्या संस्थेत तो आहे का ते बघा. मोटर मेकॅनिकच करायचं ठरलं तरी मुलाला सांगा, वायरिंग आणि इलेक्ट्रिकलचे तास बुडवू नको.

आपल्याकडे जुनं कामही लगेच जाणार नाही. रावेर-सावद्याकडून केळी भरून निघणारे ट्रक, कापसाच्या हंगामातले टेम्पो, प्रत्येक गावातले ट्रॅक्टर, जळगावच्या एमआयडीसीतल्या मालगाड्या, आणि भुसावळ-जळगाव-धुळे हा राष्ट्रीय महामार्ग. चांगल्या डिझेल मेकॅनिकला इथे काम शोधावं लागत नाही.

मुलीचा विचार केला का?

हिशोब करताना एक गोष्ट मला टोचली. मुलाची बुडालेली मजुरी आपण लगेच ९६,००० अशी मांडली. मुलगी शिकायला गेली तर घरातली धुणी-भांडी, लहान भावंडं, निंदणी-वेचणी कोण करेल, हे आपण बोलतो, पण तिच्या कामाला वहीत आकडा नसतो. वेचणीला बाहेरची बाई लावली असती तर किती द्यावे लागले असते? तोच तिचा आकडा. आधी तो मांडा, मग ठरवा.

शासकीय आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात, आणि त्या मोटर मेकॅनिकसारख्या ट्रेडलाही असतात. मुलींना कमी गुणांवर चांगला ट्रेड मिळू शकतो, कारण अर्जच कमी येतात. पुण्यात टाटा मोटर्सच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी गाड्या जोडण्याची पूर्ण लाइन मुली चालवतात. स्कूटी चालवणाऱ्या बायका आता गावोगावी आहेत, आणि बाई मेकॅनिक असेल तर तिच्याकडे गाडी टाकायला त्यांना संकोच वाटणार नाही.

अडचणी नाहीत असं नाही. वर्गात दोनच मुली असतील. संध्याकाळी परतायची वेळ बघावी लागेल. गॅरेजवर कपडे बदलायला जागा आहे का, स्वच्छतागृह आहे का, हे आधी जाऊन बघावं लागेल. जाऊन बघा, पण न बघताच नाही म्हणू नका.

कर्ज कुठून, किती आणि कधी

३५,००० रुपये कर्ज काढले असं धरा. मुद्दल तसंच राहिलं तर:

– सावकाराकडे शेकडा पाच: महिन्याला व्याज १,७५०. दोन वर्षांत ४२,०००, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त.
– गटाकडून शेकडा दोन: महिन्याला ७००. दोन वर्षांत १६,८००.
– वर्षाला ७ टक्के दराने बँकेचं कर्ज: महिन्याला साधारण २०४. दोन वर्षांत ४,९००.

गटाचं व्याज गटातच राहतं, हे खरं. तरी भरणारीच्या पदरातून ते जातंच. म्हणून तीन गोष्टी पाळा.

एक, सगळी रक्कम एकदम उचलू नका. प्रवेशाला लागतात तेवढेच घ्या, पुढचे पुढच्या वर्षी. १५,००० वर शेकडा दोनने व्याज ३००, आणि ६०,००० वर १,२००. घरात पडून असलेल्या पैशांचं व्याज कशाला भरायचं?

दोन, पदविकेची मोठी रक्कम असेल तर गटाचा पैसा अडकवू नका. बँकेचं शैक्षणिक कर्ज बघा. ४ लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही, आणि शिक्षण चालू असताना हप्ता सुरू होत नाही. पण त्यासाठीही मान्यता असलेलीच संस्था लागते. बँक ज्या संस्थेला कर्ज देत नाही, तिथे आपल्या गटाने का द्यावं? हा एक प्रश्न खूप काही सांगून जातो.

तीन, हप्ता आईच्या मजुरीवर बांधा, मुलाच्या भावी पगारावर बांधू नका. दोन वर्षं तुम्हाला झेपेल तेवढंच कर्ज घ्या. विद्यावेतन सुरू झालं की मुद्दल लवकर फेडता येईल.

पुढे स्वतःचं गॅरेज टाकायचं असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा व्यवसायासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात महिला अर्जदाराला ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. पण ते काम हातात आल्यावर, दोन-तीन वर्षं दुसऱ्याकडे काढल्यावर.

त्या ताईंचं काय झालं?

पुढच्या बैठकीत आम्ही हा हिशोब फळ्यावर मांडला. ताई आधी नाराज झाल्या. "माझ्या पोराच्याच वेळेला हिशोब का?" म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. याआधी आम्ही कोणाला विचारलं नव्हतं. म्हणून मी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी, अर्ज मी तपासला नव्हता, आणि यापुढे शिक्षणाच्या प्रत्येक अर्जाला हाच हिशोब लावू.

मग त्यांच्या मुलालाच बोलावलं. तो म्हणाला, "मला गाड्याचं काम शिकायचंय, कुठून ते तुम्ही सांगा." आयटीआयचा ऑनलाइन अर्ज भरला. गटाने ठराव केला की प्रवेश मिळाल्यावर १५,००० द्यायचे, दुसऱ्या वर्षाचे हजेरी बघून. उरलेल्या पैशांतून तीन घरांना बियाण्याला मिळाले.

हा लेख लिहितेय तेव्हा प्रवेशाची यादी लागायची आहे. पहिल्या पसंतीचा ट्रेड मिळेलच असं नाही. नाही मिळाला तर डिझेल मेकॅनिक दुसऱ्या नंबरला टाकलाय.

ताईंची धाकटी नववीत आहे. त्या दिवशी ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. निघताना मला म्हणाली, "ताई, ते तीस टक्केवालं खरं आहे का?" मी हो म्हटलं. ताईंनी तिच्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. पण वही मात्र मागून घेतली.

पुढच्या बैठकीत हे सात प्रश्न विचारा

१. प्रमाणपत्र कोण देणार? मान्यता क्रमांक किंवा कोड कागदावर मिळाला का?
२. फीची पावती मिळते का? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची फी आत्ताच लेखी सांगतात का?
३. खिशातून जाणारा खर्च आणि बुडणारी मजुरी मिळून किती?
४. शिकल्यावर हातात किती आणि राहणं-खाणं जाऊन घरी किती?
५. किती महिन्यांत फिटेल?
६. हप्ता आज कोणाच्या कमाईतून जाणार?
७. मुलाला किंवा मुलीला स्वतःला हे काम आवडतं का? कोणी विचारलं का?

सातपैकी पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तर पुढचे सहा विचारायची गरजच नाही.

हा कागद कापून गटाच्या ठराव वहीत चिकटवून ठेवा. आकडेमोडीत अडलात तर ग्रामसंघाच्या बैठकीत मला हाक मारा. मी वही-पेन घेऊन येते, आपण मिळून मांडू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक